रायलीचा जुना बाजार

—नाही नाही बाई, यंत्रात काही खोट नाही, खोट असलीच तर माझ्यात आहे, तेवढी परत घेता येत असेल तर तीही घ्या, — हे बघा, कानाची दोन्ही यंत्रं डबीत आहेत, पुसून ठेवलीत, तो बारीकसा ब्रश आहे, खोकं आहे, खोक्यावरचं प्लास्टिकचं वेष्टण होतं ना, तेसुद्धा मी फाडलं नव्हतं, सुरीनं हळूच सोडवून घडी करून ठेवलं होतं. पहिल्याच दिवशी. तुम्ही म्हणाला होता, महिनाभर वापरून बघा, नाही पटलं तर आणून द्या, सगळे पैसे परत. ‘सगळे’ म्हणाला होता. मी तेव्हा यंत्र घालून बसलो होतो, तेव्हा ते चांगलं ऐकलंय. — काय? जरा तोंड इकडे करून बोला. तारण? तारण कशाला? मी काही कर्ज काढायला नाही आलो, परत करायला — अच्छा, कारण! कारण विचारताय होय. बरोबर आहे, विचारायलाच पाहिजे. — आता कानात का नाही घातली? अहो, परत द्यायची वस्तू वापरत वापरत दुकानात यायचं? टोस्टर परत करायला निघालेला माणूस वाटेत त्यात पाव भाजत जातो का? तुम्ही आपलं मोठ्यानं बोला, मला ओठांवरून कळतं बरंच. गिरणीत उभा जन्म गेला, कागदाच्या त्या यंत्राशेजारी कुणाला काय ऐकू येणार, आम्ही सगळे ओठच वाचायचो. शिव्या तर फारच स्पष्ट दिसतात.

कारण म्हणजे — कसं सांगू — मला परत करण्याचा आजार आहे. हसू नका. हसा, हसा, सगळे हसतात. मी वस्तू विकत घेतो, पैसे देताना पोटात गोळा येतो, घरी येईपर्यंत त्या गोळ्याचा दगड होतो, आणि ती वस्तू नेऊन परत दिली की दगड विरघळतो. बस. औषध नको, पथ्य नको. हार्डवेअरच्या दुकानातली परत घेण्याच्या खिडकीवरची बाई मला नावानं ओळखते, ‘या रेनो, आज काय?’ म्हणते, तिच्या नातवाचं बारसं झालं तेव्हा मला केक दिला तिनं. फुकट होता, खाल्ला. नवा कोट घेतला की मी त्याचं लेबल आत दुमडून ठेवतो, हिवाळाभर मानेला टोचत राहतं, पण जीव कसा शांत असतो — अजून परत देता येईल, अजून देता येईल. कॉफीचं तर विचारूच नका. गाडीतून घ्यायची ती कॉफी असते ना, त्या रांगेत लागायचं, पुढं सरकायचं, खिडकी जवळ आली की मनात यायचं, घरी डबाभर कॉफी असताना ही चैन कशाला? मग रांगेतून बाहेर पडायचं म्हणजे पुढच्याला भोंगा, मागच्याचा भोंगा, सगळं वळण घालून रस्त्यावर. एकदा तर खिडकीतल्या माणसानं ‘काय देऊ?’ विचारलं आणि मी म्हटलं, ‘काही नको, सहज आलो होतो.’ सहज! गाडी घेऊन, बर्फात.

आणि पैसे नाहीत म्हणून नव्हे हं. असं असतं तर त्याला काटकसर म्हणाले असते, लोकांनी मान दिला असता. पेन्शन आहे, घराचं कर्ज फिटलंय, तळ्याकाठचं लाकडी कॅम्प, म्हणजे उन्हाळ्यातलं घर, तेही आहे, बँकेत आहेत. आमची तारया, मुलगी माझी, विनिपेगला असते, बँकेतच आहे कामाला, ती गेल्या उन्हाळ्यात सगळे कागद पसरून बसली आणि म्हणाली, ‘बाबा, तुम्ही दोघं शंभर वर्षं जगलात तरी हे संपायचं नाही.’ मी म्हटलं, ‘आणि एकशेएकाव्या वर्षी काय करायचं?’ तिला वाटलं मी गंमत करतोय. बाई, मी गंमत नव्हतो करत. लोक म्हणतात अंथरूण पाहून पाय पसरावेत. मी जन्मभर अंथरूणच लांब करत बसलो, आता ते एवढं लांब झालंय की पार भिंतीला लागलं, आणि मी आपला त्याच्या एका कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन झोपतो.

— काय? लहानपणी? हां, सगळे तेच विचारतात. नव्हती हो गरिबी! तीच तर पंचाईत. आई पावाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालायची हे खरं, पण आमच्या गल्लीत फिनलंडहून आलेल्या सगळ्याच बायका घालायच्या, उपाशी कधी नाही राहिलो. आणि माझा भाऊ वेइको, त्याच घरात, त्याच पिशव्यांतला पाव खाऊन मोठा झालेला, तो दर दोन वर्षांनी नवी मोटरबोट घेतो आणि घोरत झोपतो. तेव्हा आईला दोष देता येत नाही. मी पुष्कळ प्रयत्न केला.

तर मग ही यंत्रं घेतलीच कशी, असं म्हणाल. त्याचीही एक कथा आहे. रायली — माझी बायको — मला एकदा स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘रेनो, लायब्ररीत दर गुरुवारी एक गट जमतो, खर्चाचा. जाऊन ये.’ मला ऐकू आलं, चर्चचा. म्हटलं चर्चचा गट आहे म्हणजे कॉफी फुकट असणार, गेलो. जाऊन बसलो तर तिथं गोल खुर्च्या आणि जो तो आपापल्या पाकिटाबद्दल रडतोय! कुणाला खर्च आवरत नाही, कुणाला करवत नाही. उठणार होतो, पण कॉफी खरंच फुकट होती, शिवाय वेलदोड्याचा पुल्ला, आमचा गोड पाव, तोही ताजा. म्हणून पुढच्या गुरुवारीही गेलो. तो गट चालवते ती जोएल नावाची मुलगी, मोठी गोड आहे, तिनं शिकवलं, की रेनो, पोटात गोळा आला की पळायचं नाही, तिथंच बसायचं, पोटावर हात ठेवायचा आणि त्याला विचारायचं, बाबा रे, तुला भीती कशाची वाटते? मी विचारलं. भर गटात, पोटावर हात ठेवून. पोट म्हणालं, ‘संपेल.’ जोएल म्हणाली, काय संपेल? पोट काही बोललं नाही. पोटाला तेवढाच एक शब्द येतो.

तिनंच माझी जोडी डेनिसशी लावून दिली. डेनिस बूशे — आठवत असेल तुम्हाला, माझ्याबरोबर आला होता, लाल टोपीवाला, जाडा. त्याचं दुखणं माझ्या उलट. दिसेल ते घेतो. होड्या किती आहेत त्याच्याकडे, आणि गड्याला पोहता येत नाही! जोएलचं म्हणणं, तुम्ही दोघं मिळून खरेदीला जात चला, रेनो पळायला लागला की डेनिसनं त्याची बाही धरायची, आणि डेनिस पाकीट काढायला लागला की रेनोनं त्याची. तसे आलो आम्ही तुमच्याकडे. त्यानं माझी बाही इतकी घट्ट धरली होती की शिवण उसवली — आणि मी कार्ड पुढं करून डोळे मिटून घेतो न घेतो तोच हा तुम्हाला विचारतोय, ‘मलाही एक जोडी दाखवा, ती चंदेरी.’ अहो, त्याचे कान कुत्र्यासारखे आहेत! तुम्ही भल्या म्हणून त्याला तपासून नाही म्हणालात. दुसरं कुणी असतं तर आज डेनिसला तळ्यातले मासे बोलताना ऐकू आले असते.

असो. घेतली. घातली. आणि काय सांगू बाई, गाडी बिघडली. म्हणजे बिघडलेली होतीच, मला माहीत नव्हतं, चाकातून कुईं आवाज येत होता म्हणे वर्षभर. यंत्र घालण्याआधी माझी गाडी उत्तम होती! म्हणजे बघा, एक खर्च केला की तो आपल्या भावंडांना घेऊनच येतो. फ्रीज गुरगुरतो. बर्फावर पाय पडला की कुरकुर वाजतं, ते मी विसरूनच गेलो होतो. रायलीच्या विणायच्या सुया टिकटिकतात. ती भांडी घासताना गुणगुणते — कायम गुणगुणत होती की आता म्हातारपणी लागलीय, कुणाला विचारणार? खिडकीबाहेर चिकडी पक्षी ओरडला तर मी दचकून उभाच राहिलो, डोळ्यांत पाणी आलं, आणि लगेच, लगेच हं, मनात आलं, हा पक्षी केवढ्याला पडला आपल्याला? असा मी. देवानं मला स्वर्गात घेतलं तर मी दारातच भाडं विचारीन.

— हो, सांगतो ना, कारणच सांगतोय. जरा भराभर सांगतो, रायली यायच्या आत. तिला सांगितलंय, कानातला मळ काढायला चाललोय.

त्याचं असं आहे. माझ्या बायकोसारखी काटकसरी बाई या गावात नाही — असं मी गेल्या महिन्यापर्यंत सगळ्यांना सांगत होतो. वेइकोला तर नाकावर टिच्चून. कारण काय, तर रायली नवं काही घेतच नाही. आमच्या चर्चच्या तळघरात जुना बाजार भरतो, लोक वापरलेल्या वस्तू आणून देतात आणि चिल्लरीत विकतात, तिथून आणते सगळं. किटली? चर्चचा जुना बाजार. टॉवेल? जुना बाजार. तिचे हिवाळी बूट, माझे घरातले स्लीपर, खिडक्यांचे पडदे, बिडाचा तवा, सगळं तिथलं. मी तवा हातात घेऊन म्हणायचो, ‘रायली, काय मूर्ख लोक आहेत गं, इतकी चांगली वस्तू टाकून देतात!’ ती म्हणायची, ‘असतात बाबा लोक.’ मी एकदा आमच्या पाद्रीबाईंना थांबवून म्हटलं, ‘तुमच्या बाजारातला माल फार उत्तम असतो हं.’ त्यांना एकदम खोकला आला. सर्दी असेल म्हटलं. आणि गादी — गादी घेऊन दोन माणसं आली होती गाडीतून, अंगावर सारखे शर्ट, शर्टांवर दुकानाचं नाव. मी त्यांना चर्चचे स्वयंसेवक समजून कॉफी पाजली आणि म्हटलं, ‘देव तुमचं भलं करो.’ त्यातला एक ‘आमेन’ म्हणाला.

तुम्हाला कळलं. बघा, तुम्हाला लगेच कळलं. मला उभ्या संसारात नाही कळलं.

कळलं ते या तुमच्या यंत्रांमुळे. रायलीला वाटतं, मी ही फक्त रविवारी घालतो, झिजू नयेत म्हणून. पहिले काही दिवस तसंच करत होतो. पण मग मनात आलं, महिनाभराची मुदत आहे, पूर्ण वसूल करावी, म्हणून गुपचूप रोज घालायला लागलो. एक दिवस तशीच घालून खाली तळघरात होतो, सौनाची, म्हणजे आमच्या वाफेच्या खोलीची, फळी सैल झालीय ती ठोकत. आमच्या घरात गरम हवेचा नळ वर स्वयंपाकघरातून खाली येतो, त्यातून वरचं सगळं ऐकू येतं हे मला माहीत नव्हतं, कसं असणार? रायली फोनवर होती, सिर्काशी. सिर्का तिची धाकटी बहीण, तिकडे फिनलंडला, वासा गावी असते. आई गेली तेव्हा भेटल्या दोघी, त्यानंतर नाही. सिर्काचे डोळे चाललेत. ते मला ठाऊक होतं, रायलीनं सांगितलं होतं, आणि हेही सांगितलं होतं की सिर्का बोलावतेय पण माझा गुडघा एवढा प्रवास सोसायचा नाही. मीही म्हटलं होतं, ‘नाही गं, गुडघा सांभाळायला हवा.’ फार काळजीनं म्हटलं होतं. आतून केवढा सुटलो होतो ते माझं मला माहीत.

तर नळातून आवाज येतो, ‘गुडघ्याला काय धाड भरलीय, गुडघा ठणठणीत आहे माझा. रेनोला सांगायचं कसं, ते बोल. टॉवेल दोन-तीनदा धुतले की जुने दिसतात, लेबल कापता येतं, बुटांचे तळवे पायरीवर घासले की झालं. विमान कुठल्या पायरीवर घासू मी?’

आणि दोघी हसल्या. खूप हसल्या. सिर्काचा आवाज त्या फोनमधून, त्या नळातून, खालपर्यंत. मीही हसलो असतो, इतकं खुमासदार बोलली ती. पण मग रायली हसायची थांबली आणि म्हणाली, ‘राग नाही गं येत त्याचा. रात्रभर कूस बदलत राहतो बिचारा, मला बघवत नाही. पण ह्या वयात नवे बूट पायरीवर घासत बसते ना, तेव्हा वाटतं, मी काय चोरी केलीय?’ सिर्का काहीतरी म्हणाली ते नाही ऐकू आलं. मग रायली म्हणाली, ‘नाही, यंदाही नाही जमायचं. तू मला फोटो पाठव. मोठे काढून.’ — आता बघा, ज्या बहिणीचे डोळे चाललेत तिला ही म्हणतेय, फोटो पाठव.

हातोडी तशीच हातात. थंड सौनात फळीवर बसून राहिलो. आणि आता तुम्हाला खरं सांगतो, तुम्ही परक्या आहात म्हणून सांगतो — पहिला विचार काय आला माझ्या मनात? बायकोचा? बहिणीचा? नाही. गादी केवढ्याला पडली असेल! हा आला. पोटात गोळा, एकेक वस्तू डोळ्यांसमोर, पडदे, किटली, पायातले स्लीपर — मी पायातले स्लीपर काढून बाजूला ठेवले, चटका बसल्यासारखे. अनवाणी पाय त्या गार फरशीवर टेकवून बसलो. मग जोएलनं शिकवल्याप्रमाणे पोटावर हात ठेवला. म्हटलं, बाबा रे, ही सगळी खरेदी होऊन गेली, जन्मभर होत होती, तुझ्या नाकाखाली. संपलं का काही? आणि पोट, बाई, पहिल्यांदाच ‘संपेल’ म्हणालं नाही. काय बोलणार? त्याच गादीवर तर मी चांगला झोपत होतो. — म्हणजे, रायली म्हणते कूस बदलतो. पण गादी चांगली आहे.

तिला नाही बोललो काही. काय बोलणार? मी खालून ऐकलं म्हणू? मग तिनं एवढी वर्षं माझ्यासाठी जे जपलं ते मी तिच्याच तोंडावर फोडायचं? आणि तिनं ते माझ्यासाठी जपलं होतं हो, स्वतःसाठी नाही, मला झोप यावी म्हणून. माणसं नवरा दारुडा असला की बाटल्या लपवतात. माझ्या बायकोला टॉवेल लपवावे लागले.

मग आज सकाळी डेनिसला फोन केला. असल्या कामात तो देवमाणूस आहे. म्हटलं, ‘तिकिटं काढायचीत, चल, बाही धर.’ तो माझ्याआधी तिथं हजर, ट्रॅव्हल एजंटच्या दारात! आत गेलो, बसलो, आणि तो त्या बाईला काय म्हणाला माहितीये? म्हणाला, ‘परत न होणारी द्या. हा माणूस परत करतो.’ माझ्या तोंडावर. मी म्हटलं, ‘अरे, निदान —’ तर बाही धरली त्यानं. दोन तिकिटं. दोन, हो, मी पण जाणार, नाहीतर ती तिकडे काय घेतेय याचा विचार करत मी इकडे मरेन. शिवाय — शिवाय काही नाही. डेनिस तिसरंही काढत होता स्वतःसाठी, मी त्याचं पाकीट खिशात कोंबलं, हे मात्र केलं. बाहेर आलो. गाडीत बसलो. आणि आला गोळा, असा आला, असा आला, की मला चावी लावता येईना. इकडेतिकडे बघितलं, काय परत करू, काय परत करू? तिकिटं होत नाहीत. कोट होत नाही, जुना झाला. गादी कुठल्या दुकानातली ते ठाऊक नाही. आणि मग डबी आठवली. मुदत संपायचीय अजून. घरी जाऊन ती घेतली, तर रायलीही गाडीत येऊन बसली, तिला लोकर बघायची होती.

हे कारण. झालं. लिहून घ्या — ‘तिकिटं परत होत नाहीत म्हणून.’

— काय? तिकिटं आणि यंत्रं, दोन्हीला पैसे पुरतील का? हो. पुरतील. दोन्हीला पुरून उरतील, सांगितलं ना तारयाचं. तेच तर. बाई, तुम्हाला वाटतं मला गणित येत नाही? गिरणीत सगळी मापं मी काढायचो. गणितानं होत असतं तर माझ्यासारखा सुखी कुणी नव्हता. — आणखी काय म्हणालात? तिकडे ऐकू कसं येणार? अहो, फिनलंडमध्ये माणसं बोलतातच कुठं, माझे काका उभा हिवाळा एका वाक्यावर काढायचे, तेही हवामानाचं. काही बिघडत नाही. सिर्का बोलते पुष्कळ, ते खरं. पण ती रायलीशी बोलेल. दोघी बोलतील, मी बसेन आपला, मान हलवीन. सवय आहे मला. घरी तरी काय — घरी मी इतकी वर्षं मानच हलवत होतो. ती काय काय बोलली असेल त्या वेळात, ते आता — ते काही परत मिळत नाही कुठल्या खिडकीवर.

थांबा. थांबा जरा, मशीनमध्ये घालू नका ते कार्ड. ती बघा आलीच. तिकडे, माझ्या गाडीजवळ, निळी टोपी — तीच. पलीकडच्या लोकरीच्या दुकानात गेली होती, ‘नुसती बघून येते’ म्हणाली. आता काय करतेय बघा. नाही, मान वळवू नका, तिला दिसेल, आपण बोलतोय असं दाखवा. — लोकरीच्या गुंडाळ्यांवरचे कागद काढतेय. एकेक. चुरगाळून खिशात. आता मळकी पिशवी काढली. त्यात भरतेय. नवी लोकर जुन्या पिशवीत. बोटं कशी लाल झालीत थंडीनं, हातमोजे काढून करतेय ते. घाई बघा. माझी बायको, दोन नातवंडांची आजी, भर दिवसा रस्त्यात उभी राहून, मागंपुढं बघत — आणि चेहरा बघा तिचा. अगदी माझ्यासारखा झालाय चेहरा, खिडकीवर कार्ड पुढं करताना होतो तसा. मला वाटायचं हे दुखणं माझं एकट्याचं आहे.

द्या इकडे ती डबी. द्या हो. कारण-बिरण काही नाही, खोडा ते. डावं कुठलं, निळा ठिपका डावा की लाल? — लाल उजवा. हां. मला घाईत बसत नाही, जरा तुम्हीच बसवता का? गोळा आहे हो, आहे, चांगला कलिंगडाएवढा आहे, असू दे. तिकिटं इथं आहेत, आतल्या खिशात. मी विचार केला होता, सांगू का तिला, चर्चच्या जुन्या बाजारात मिळाली म्हणून? ती विश्वास ठेवल्यासारखं करेल. ती फार चांगलं करते तसं. पण नको. सरळ हातात देतो, आणि मग ती काहीतरी म्हणेल ना — रडेल, ओरडेल, वेडा म्हणेल, काय म्हणायचं ते म्हणेल — ते मला ऐकायचंय. मान नाही हलवायची. — बसलं? बोला बघू काहीतरी. हो, हो, एवढं ओरडू नका आता, ऐकू येतंय.

दार वाजलं. ऐकलं मी. — ये रायली, ये. नाही, मळ नव्हता फारसा. बस ना. अगं बस, इथं, माझ्याशेजारी. पिशवी दे इकडे, — दे गं, जड आहे. — छान आहे रंग. नवी आहे ना? — नको, नको, कुठून आणली ते सांगू नकोस. नवीच छान आहे. हात गार पडलेत तुझे.

बाई, तुम्ही जरा आत जाता का? — आणि दार ओढून घ्या.